मुलांच्या नव्या पुस्तकांवरचं कौतुक: कुठलं धरावं, कुठलं सोडावं

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडण्याचं काम त्यांच्याकडे आहे. त्या विचारतात: बालकुमारांच्या प्रत्येक नव्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘तारांकित परीक्षण’, ‘समीक्षकांनी गौरवलेलं’, ‘वर्षातलं सर्वोत्तम’ असं काहीतरी छापलेलं असतंच. सगळ्यांचंच कौतुक झालेलं असेल तर निवडायचं कशाच्या आधारावर? आणि ग्रंथालयाच्या फलकावर स्वतः चार ओळींची शिफारस लिहायची असेल तर ती कशी लिहावी?

मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहिते आणि इतरांनी लिहिलेली संपादित करते. त्या अनुभवावरून सांगते. ज्या कौतुकातून पुस्तकाचं एखादं पान डोळ्यांपुढे उभं राहतं, तेवढंच हिशेबात धरा. बाकीचं वाचा आणि सोडून द्या. दुसऱ्याचं कौतुक वाचताना हा निकष जितका उपयोगी पडतो, तितकाच स्वतः लिहितानाही पडतो.

आधी हे कौतुक येतं कुठून ते पाहू. विशेष पसंतीची खूण म्हणून परीक्षणाशेजारी तारा छापण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेतल्या परीक्षण-नियतकालिकांची. ‘बुकलिस्ट’ हे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं नियतकालिक १९०५ पासून निघतं. ‘हॉर्न बुक’ १९२४ साली बॉस्टनमध्ये बर्था महोनी यांनी सुरू केलं, तेही फक्त मुलांच्या पुस्तकांसाठी. ‘कर्कस’ १९३३ पासूनचं. शिवाय ‘स्कूल लायब्ररी जर्नल’ आणि ‘पब्लिशर्स वीकली’ आहेत. सगळ्यांचा तारा दिसायला सारखाच, पण त्यामागचं मोजमाप वेगवेगळं. ‘बुकलिस्ट’ मुळात शिफारस करण्याजोग्या पुस्तकांचीच परीक्षणं छापतं, त्यामुळे तिथे पुस्तक आलं हीच पसंती आणि तारा म्हणजे त्याच्या वरची पायरी. ‘कर्कस’ नापसंतीही स्पष्ट शब्दांत छापतं आणि परीक्षकाचं नाव देत नाही. ‘बुलेटिन ऑफ द सेंटर फॉर चिल्ड्रन्स बुक्स’ तर प्रत्येक पुस्तकाला श्रेणी देतं: शिफारस, भरीला चालेल, जेमतेम, शिफारस नाही. म्हणून ‘चार तारे मिळाले’ ही बेरीज मला फारशी उपयोगाची वाटत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार वाचकांना पुस्तक उत्तम वाटलं, एवढं त्यावरून नक्की कळतं, आणि ते कमी नाही. लेखन, चित्रं, रचना यांत मोठा दोष नसणार असं मी धरून चालते. पण ते पुस्तक तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाच्या हातात द्यायचं, हे तारा सांगत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘कर्कस’चा स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्यांसाठी शुल्क घेऊन परीक्षण करण्याचा वेगळा विभाग आहे. पैसे भरले की स्तुती मिळतेच असं मुळीच नाही, परीक्षक तिथेही खरं लिहितात. पण ते परीक्षण प्रसिद्ध करायचं की नाही, हे लेखक ठरवतो. त्यामुळे त्या विभागातली प्रतिकूल परीक्षणं आपल्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमी. मलपृष्ठावर नाव तेवढं येतं, विभाग येत नाही. शंका आली तर मूळ परीक्षण शोधून ते कुठल्या विभागात आहे ते पाहावं, दोन मिनिटांचं काम आहे.

ही परीक्षणं बहुतेक वेळा पुस्तक बाजारात येण्याच्या काही महिने आधी लिहिली जातात, कारण ग्रंथालयांना त्यांवरून मागणी नोंदवायची असते. परीक्षकाच्या हातात आगाऊ प्रत असते, तीही शेवटच्या दुरुस्त्या न झालेली. चित्रपुस्तकाचे तर अनेकदा नुसते घडी घातलेले, न बांधलेले छापील ताव येतात. याचा अर्थ असा की कागद किती टिकाऊ आहे, बांधणी हाताळणीत उसवते का, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे कोपरे चावून चोथा होतात का, हे त्या कौतुकात नसतंच. उघडझाप करायच्या खिडक्या किंवा ओढायच्या पट्ट्या असलेलं पुस्तक असेल तर छापील प्रत स्वतः हाताळल्याशिवाय घेऊ नका, त्यावर कितीही तारे असोत.

मलपृष्ठावरचे उतारे वाचताना तीन टिंबांवर नजर ठेवा. मूळ परीक्षणात समजा असं वाक्य असेल: ‘पहिली शंभर पानं विलक्षण वेगवान आहेत, पुढे मात्र कथा उपदेशात रुतते.’ मलपृष्ठावर उरतं ते ‘विलक्षण वेगवान…’. यात खोटं काही नाही, पण तुम्हाला लागणारी माहिती नेमकी टिंबांत गेली. एकाच शब्दाचा उतारा दिसला, ‘अप्रतिम!’ एवढाच, तर मी तो मोजतच नाही. दोन-तीन पूर्ण वाक्यं जशीच्या तशी दिली असतील तर प्रकाशकाला त्या परीक्षणातलं काही लपवायचं नाही असं समजायला हरकत नाही.

दुसऱ्या लेखकांनी दिलेले अभिप्राय हा आणखी वेगळा प्रकार. ते स्नेहातून, कृतज्ञतेतून, कधी एकाच संपादकाच्या हाताखाली असल्यामुळे लिहिले जातात. नवोदित लेखकाला ज्येष्ठाने हात देणं ही चांगलीच गोष्ट आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ती समीक्षा नव्हे. असे अभिप्राय मिळवण्यात लेखकांचा किती वेळ जातो यावर प्रकाशन व्यवसायातही बोललं जातं. ‘सायमन अँड शूस्टर’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या मुख्य शाखेने २०२५ च्या जानेवारीत जाहीर केलं की यापुढे लेखकांनी ते मिळवलेच पाहिजेत अशी अपेक्षा ठेवली जाणार नाही.

पुरस्कारांच्या सोनेरी-रुपेरी शिक्क्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्या अटी सहसा कुणी वाचत नाही. अमेरिकेतलं न्यूबरी पदक १९२२ पासून दिलं जातं. ते चौदा वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठीच्या पुस्तकाला मिळतं, आणि लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा लागतो. तिथलाच प्रिंट्झ पुरस्कार २००० सालापासूनचा, बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीचा. म्हणजे बारा-तेराच्या मुलांसाठीचं पुस्तक दोन्हीकडे बसू शकतं, आणि प्रिंट्झचा शिक्का असलेलं पुस्तक सतराव्या वर्षी वाचण्याजोगं, पण बाराव्या वर्षी जड जाणारं असू शकतं. अनुवादित पुस्तकांना अमेरिकेत वेगळं बॅचेल्डर पारितोषिक आहे, तेही प्रकाशकाला दिलं जातं. ‘हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार १९५६ पासून एक वर्षाआड दिला जातो, आणि तो एका पुस्तकाला नसून लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या एकूण कामगिरीला असतो. तेव्हा नव्या पुस्तकावर ‘अँडरसन पुरस्कारविजेत्या लेखकाचं’ असं असेल, तर लेखकाचा दर्जा कळला. हातातलं पुस्तक कसं आहे ते अजून कळायचं आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. मुलांची पुस्तकं मोठी माणसं लिहितात, मोठीच छापतात, परीक्षण मोठी लिहितात आणि विकतही मोठीच घेतात. त्यामुळे कौतुक करताना मोठ्यांच्या आवडीचा गज हाती घेतला जातो आणि तो कधी घेतला हे लक्षातही येत नाही. याचं ठळक उदाहरण १९४७ चं आहे. मार्गारेट वाइज ब्राउन यांचं ‘गुडनाइट मून’ हे झोपण्यापूर्वी वाचायचं चित्रपुस्तक त्या वर्षी निघालं. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीने ते घेतलं नाही. ते तिथे दाखल झालं थेट १९७२ मध्ये. त्या ग्रंथालयाच्या बालविभागावर ॲन कॅरल मूर यांच्या विचारांचा दाट ठसा होता. त्या विभागाच्या प्रमुखपदावरून त्या १९४१ मध्ये निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांचा शब्द चालत असे. मुलांसाठीच्या ग्रंथालयांची उभारणी करणाऱ्या त्या मोठ्या बाई, हे विसरून चालणार नाही. पण त्यांना परीकथा, अद्भुतता, जुन्या गोष्टींची श्रीमंती मुलांसाठी योग्य वाटे. ब्राउन दुसऱ्या विचाराच्या. लहान मुलाच्या भोवतीच्या साध्या वस्तू, त्यांची नावं, तीच तीच लय यातून पुस्तक घडतं असं मानणाऱ्या. परीकथेच्या मापाने पाहिलं तर त्या पुस्तकात काहीच ‘घडत’ नाही. दोन वर्षांच्या मुलाला मात्र खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेणं ही पूर्ण गोष्ट वाटते. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी ते कोणत्या वाचकासाठी काय करू पाहतंय, हे ओळखायला हवं होतं. कौतुक करतानाही हेच ओळखावं लागतं.

म्हणून परीक्षणं संपादित करताना मी काही शब्दांपाशी थांबतेच: संस्कारक्षम, हृदयस्पर्शी, काव्यात्म, कालसुसंगत, ‘मोठ्यांनाही आवडेल असं’. हे शब्द वाईट नाहीत. पण मी लिहिणाऱ्याला विचारते की पुस्तकातल्या नेमक्या कोणत्या जागी तुम्हाला हे वाटलं? ती जागा सांगता आली की बहुतेक वेळा विशेषणाची गरजच राहत नाही.

एक कल्पित पुस्तक घेऊन दाखवते. समजा, लहान बहिणीचा मोठा भाऊ शिकायला वसतिगृहात गेला आहे, त्यावरचं चित्रपुस्तक आहे. बत्तीस पानांचं, बहुतेक चित्रपुस्तकं असतात तसं. मजकूर अशा छोट्या वाक्यांचा: ‘आता खोली माझी एकटीची. आता दिवा मी विझवणार. आता खिडकीजवळ मीच झोपणार.’ चित्रात मात्र ती रोज पलंगाच्या अगदी कडेला झोपलेली, अर्धा पलंग मोकळा. भावाच्या चपला पहिल्या पानावर दारापाशी, मग कपाटाजवळ, मग तिच्या चपलांना लागून. मजकुरात चपलांचा उल्लेख कुठेच नाही. मध्ये मैत्रिणीचा एक प्रसंग येतो. शेवटच्या जोडपानावर भाऊ सुटीला आलाय, पलंगभर आडवातिडवा पसरलाय, आणि ओळ आहे: ‘आज खोलीत अजिबात जागा नाही.’

यावरचं नेहमीचं कौतुक असं येईल: ‘भावंडांच्या नात्याचं हळुवार, हृदयस्पर्शी चित्रण. सुंदर चित्रांनी नटलेलं, प्रत्येक घरात असावं असं पुस्तक.’ हे भावंडांवरच्या कुठल्याही पुस्तकाला लावता येईल.

मी असं लिहीन: ‘शब्द म्हणतात मुलगी खूश आहे, चित्रं तिला रोज पलंगाच्या कडेवर झोपवतात. भावाच्या चपला पानागणिक तिच्या चपलांजवळ सरकतात आणि हे मजकूर एकदाही सांगत नाही. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्याला ते मोठ्यांच्या आधी दिसेल, कारण मोठा माणूस ओळ वाचत असताना मूल चित्रच पाहत असतं. मधला मैत्रिणीचा प्रसंग लांबलाय, तिथे लय मोडते. घरातलं कुणी दूर गेलंय आणि त्याबद्दल जे मूल काही बोलत नाही, त्याच्यासोबत वाचावं.’

यात मी ‘सुंदर’ कुठेही म्हटलेलं नाही. एक उणीव सांगितली आहे. तरीही मला पुस्तक मनापासून आवडलंय हे कळतं, आणि वाचणाऱ्याला ते घ्यायचं की नाही हे स्वतःचं स्वतः ठरवता येतं. उणीव सांगितली म्हणून कौतुक पातळ होत नाही. उलट, ‘पण’ असलेल्या परीक्षणावर माझा अधिक विश्वास बसतो, कारण लिहिणाऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून वाचल्याची ती खूण असते.

चित्रपुस्तकाबद्दल बोलताना पान उलटण्याच्या क्षणाकडे लक्ष असू द्या. उजव्या पानाच्या शेवटी वाक्य कुठे तुटतं, पलीकडे काय वाट पाहतंय, विनोद पान उलटल्यावर फुटतो की आधीच दिसून जातो. चांगल्या चित्रपुस्तकात ही रचना फार काळजीपूर्वक केलेली असते आणि कौतुकात तिचा उल्लेख क्वचितच येतो. मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय ती कळत नाही. मी प्रत्येक चित्रपुस्तक परीक्षणाआधी मोठ्याने वाचते. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करते. दुसऱ्यांदा वाचताना तिथेच अडखळले तर तो दोष माझा नसतो.

कुमारवयीनांच्या पुस्तकांचं कौतुक वेगळ्या ठिकाणी घसरतं. तिथे विषयाचंच कौतुक होतं. पुस्तकात छळ आहे, स्थलांतर आहे, आईवडिलांचं विभक्त होणं आहे, नैराश्य आहे, म्हणून ते ‘धाडसी’ आणि ‘महत्त्वाचं’. विषय महत्त्वाचा असला म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही, आणि पंधरा वर्षांच्या वाचकाला हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. मी तीन गोष्टी तपासते. पहिली, निवेदकाचा आवाज: सोळा वर्षांचा मुलगा बोलतोय की चाळिशीतला लेखक आपलं तारुण्य आठवतोय? दुसरी, निर्णय कोण घेतं? शेवटच्या प्रकरणात एखादी समजूतदार शिक्षिका येऊन सगळं सोडवत असेल तर नायिकेकडून तिची गोष्ट काढून घेतली गेली. तिसरी, वेदनेचा तपशील कशासाठी आहे? स्वतःला इजा करण्यासारखा विषय असेल तर त्याच्या पद्धतीचं बारीक वर्णन पुस्तकात असू नये, आणि मदत मागणं हे कथेत खरोखर शक्य असलेलं दिसावं. हे सांभाळून लेखकाने प्रामाणिकपणा सोडला नसेल, तर ते मी परीक्षणात ठळकपणे लिहिते, कारण ते फार कठीण काम आहे. आणि पुस्तकात काय आहे याची सूचना वाचकाला द्यायची असेल तर ती साध्या शब्दांत, कौतुकापासून वेगळी द्यावी. दोन्ही एकत्र केलं की सूचनाही जाहिरातीसारखी वाटू लागते.

याच्याच जवळचा मुद्दा प्रतिनिधित्वाचा. बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांबद्दल आरसे, खिडक्या आणि सरकती काचदारं अशी मांडणी केली. मुलाला पुस्तकात स्वतःचं आयुष्य दिसावं, दुसऱ्याचं दिसावं, आणि कल्पनेने त्या जगात पाऊलही टाकता यावं. या मांडणीने पुस्तकांकडे बघण्याची दृष्टी बदलली, आणि ते फार आवश्यक होतं. पण परीक्षणांत तिचा वापर आता कधी कधी शिक्क्यासारखा होतो: ‘अमुक समाजातल्या मुलांसाठी आरसा’, झालं कौतुक. आरसा स्वच्छ आहे का, हे पुढचं काम राहूनच जातं. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी पुस्तकात आहे, ठीक. ती चिडते का? खोटं बोलते का? तिला एखादी गोष्ट हास्यास्पद वाटते का? की इतरांना धडा मिळावा एवढ्यासाठीच ती आहे? मी नेहमी तिचा एखादा असा प्रसंग शोधते ज्याचा खुर्चीशी काही संबंध नाही. तो सापडला की कौतुकात तोच लिहिते.

माहितीपर पुस्तकांचं कौतुक ‘रंजक’ म्हणून उरकलं जातं. तिथे चित्राखालच्या ओळी वाचाव्यात, आकारांची तुलना बरोबर आहे का पाहावं, सूची आहे का, आणि ‘शास्त्रज्ञांना अजून नक्की माहीत नाही’ असं म्हणण्याची हिंमत लेखकाने दाखवली आहे का, तेही पाहावं. अनुवादित पुस्तक असेल तर कौतुकात अनुवादकाचं नाव आलंच पाहिजे, आणि संवाद मुलांच्या तोंडी शोभतात की नाही, यावर एक तरी वाक्य असावं.

मुलांची मतं? ती जरूर घ्या, पण ‘माझ्या मुलाला खूप आवडलं’ या रूपात नव्हे. मूल मोठ्यांना खूश करायला ‘आवडलं’ म्हणतं. त्यापेक्षा वाचताना काय झालं ते टिपा. कुठे मध्येच तोंड घातलं, कुठे मागचं पान पुन्हा उलटायला लावलं, कुठे उठून गेलं, दुसऱ्या दिवशी कुठलं वाक्य खेळताना वापरलं. हे टिपण कुठल्याही ताऱ्याइतकं वजनदार असतं. ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या कार्नेगी पदकाच्या वेळी शाळा-ग्रंथालयांतले मुलांचे गट अंतिम यादीतली पुस्तकं स्वतः वाचतात, चर्चा करतात आणि आपली निवड वेगळी जाहीर करतात. ती निवड परीक्षक मंडळाशी जुळलीच पाहिजे असं नाही. न जुळली तर कुणाचं तरी चुकलं असंही नाही. परीक्षक पुस्तकाची रचना जोखत असतात, मुलं त्या पुस्तकासोबत राहून पाहत असतात. तुमच्या ग्रंथालयात दोन्हीला जागा हवी. तेव्हा फलकावर शिफारस कुणाची आहे ते लिहा: ‘परीक्षकांची पसंती’ आणि ‘सातवीच्या गटाची पसंती’ एका शीर्षकाखाली मिसळू नका.

तुमच्या चार ओळींसाठी कथासार अर्ध्या ओळीत उरका, शेवट फोडू नका. मग पुस्तकातली एक नेमकी जागा सांगा, जिच्यामुळे तुम्ही त्याची शिफारस करताय. कुणासाठी हे वयाने सांगू नका, मनःस्थितीने किंवा सवयीने सांगा: ‘जाड पुस्तकाला घाबरणाऱ्यांसाठी’, ‘कोडी सोडवणाऱ्यांसाठी’, ‘ज्यांना भुताच्या गोष्टी हव्यात पण रात्री झोपही हवी त्यांच्यासाठी’. वय लिहिलं की नऊ वर्षांचा हळू वाचणारा मुलगा ‘सात ते आठ’ असं लिहिलेल्या पुस्तकाला हात लावत नाही, आणि ते पुस्तक त्याच्यासाठीच असतं. काही खटकलं असेल तर तेही लिहा. आणि खाली नाव लिहा. दोन-चार पुस्तकं वाचल्यावर मुलांना तुमची आवड कळते, आणि मग तुमचं नाव त्यांना मलपृष्ठावरच्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त सांगतं.

ज्या पुस्तकांचं कुणीच कौतुक केलेलं नाही त्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण यादी करताना तीच सगळ्यात आधी गळतात. छोट्या प्रकाशकांकडे आगाऊ प्रती वाटायला पैसे नसतात, काहींना परीक्षणासाठी पुस्तक कुठे पाठवायचं हेही ठाऊक नसतं. मलपृष्ठ कोरं आहे म्हणजे पुस्तक कुणाला आवडलं नाही असं नव्हे, बहुधा कुणी वाचलेलंच नसतं. अशा पुस्तकाची पहिली दहा पानं वाचा, मग मधलं कुठलंही एक पान उघडून मोठ्याने वाचा. पहिली पानं सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात, मधल्या पानावर खरा हात दिसतो. तिथेही वाक्य ताजं असेल, मुलं मुलांसारखी बोलत असतील, तर ते पुस्तक यादीत घ्या आणि त्याचं पहिलं परीक्षण तुम्हीच लिहा.